धाकटा मोजणीला असतो

माझं आणि माझ्या नवऱ्याचं पहिलं बोलणं भांडणानेच झालं. नोएडातल्या एका कंपनीत आम्ही दोघंही कामाला होतो. इमारत काचेची होती, पण समोरच्या रस्त्यावर अजून डांबर पडायचं होतं आणि पार्किंगमध्ये म्हशी येऊन बसायच्या. आम्ही एका परदेशी कंपनीसाठी नेटवर्कची पेटी बनवत होतो. तिच्या एका बाजूने माहितीची पॅकेटं आत यायची, दुसऱ्या बाजूने बाहेर जायची. आत किती आली, बाहेर किती गेली, वाटेत किती गळाली, याची मोजणी पेटीने स्वतःच ठेवायची. ही मोजणी कर्नलमध्ये होत असे. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला सगळ्यात आतला प्रोग्राम, ज्याच्यावाचून बाकी कुणाचं पानही हलत नाही. मोजणीचा भाग त्याने लिहिला होता आणि तो तपासायचं काम माझ्याकडे होतं.

मी एका यंत्रातून ठरावीक पॅकेटं सोडायची आणि पेटीवरचा आकडा बघायची. आकडा कमी यायचा. फार नाही, किंचित. आणि दर वेळी नाही, अधूनमधून. मी बग नोंदवला, म्हणजे प्रोग्राममधली चूक म्हणून यादीत टाकला. त्याने तो बंद केला आणि खाली लिहिलं, पॅकेटं सोडणारं यंत्रच चुकत असावं. मी पुन्हा उघडला, त्याने पुन्हा बंद केला. शेवटी मी त्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले आणि दिल्लीच्या मुली भांडतात तशी तावातावाने हिंदीत भांडले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मराठीत म्हणाला, "बगखाली तुमचं आडनाव वाचलं होतं. मी पुण्याहून नुकताच आलोय. मराठीत भांडलात तर मला जास्त कळेल."

मराठीत भांडायला मला जरा जडच गेलं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे माझं मराठी दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांमध्ये वाढलेलं. घरात मराठी, जिन्यापासून पुढे हिंदी. तरी भांडले.

काही आठवड्यांनी तोच माझ्या टेबलाशी आला. चेहरा पडलेला होता. "आकडा खरंच हरवतोय," म्हणाला. "चहा प्यायला चला, सांगतो."

कँटीनमध्ये त्याने मला जे सांगितलं ते मला आजही शब्दन्‌शब्द आठवतं. "आकडा वाढवणं हे एक काम वाटतं, पण ती तीन कामं आहेत. जुना आकडा वाचायचा, मनात त्यात एक मिळवायचा, आणि परत लिहायचा. समजा तुम्ही डब्यात तांदळाच्या वाट्या टाकताय आणि पाटीवर आकडा लिहिताय. पाटीवर चार आहे. तुम्ही चार वाचलं, पाचवी वाटी टाकली, आता पाच लिहिणार, तेवढ्यात दारावरची बेल वाजली. तुम्ही दाराशी गेलात. मागे तुमच्या आईने येऊन आणखी एक वाटी टाकली, पाटीवरचं चार वाचलं आणि पाच लिहून गेली. तुम्ही परत आलात. तुमच्या मनात अजून तेच जुनं चार. तुम्हीही पाच लिहिलं. डब्यात वाट्या सहा, पाटीवर पाच. चूक कुणाची?"

"माझी. परत वाचायला हवं होतं."

"तुम्हाला काय माहीत मध्ये कुणी येऊन गेलं ते? तुम्ही तर दाराशी होतात."

आणि आई लिहीत असताना तिलाही कुणी हाक मारली तर, असं मी विचारलं. तो खूश झाला. पेटीच्या पोटात नेमकं तेच चाललेलं होतं. साधं काम चालू असताना नेटवर्कचं कार्ड मध्येच हाक मारायचं. त्याचं काम अर्धवट असताना यंत्राच्या आतलं घड्याळ हाक मारायचं. या मध्येच येणाऱ्या हाकांना इंटरप्ट म्हणतात, आणि एका इंटरप्टच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा असा त्यांचा कारभार असतो. सगळे मिळून एकाच पाटीवर लिहीत होते आणि एकमेकांचं पुसत होते.

आमच्या मॅनेजरचं म्हणणं, मोजताना दार लावून घ्या, बेल ऐकूच येऊ देऊ नका. यावर हा हट्टाला पेटला. दर वाटीला दार लावत बसलं तर स्वयंपाक कधी व्हायचा? शिवाय एक हाक अशी असते, की तिला कुठलंच दार थांबवू शकत नाही. यंत्र मरायला टेकलं की ती येते, आणि तीसुद्धा याच पाटीवर लिहायची. त्याचा उपाय वेगळा होता. प्रत्येकाला स्वतःची पाटी द्यायची. आपल्या पाटीवर आपणच लिहायचं, दुसऱ्याच्या पाटीला हात लावायचा नाही. घड्याळाच्या कामात मध्येच दुसरं कुणी येईल, पण घड्याळ स्वतःच स्वतःच्या मध्ये येत नाही, म्हणून एका पाटीवर कधी दोन हात पडत नाहीत. आणि ज्याला एकूण आकडा हवा असेल त्याने सगळ्या पाट्या वाचून बेरीज करायची.

त्याने तसं लिहिलं. मी तपासलं, आकडा जुळला, आणि बग मी माझ्या हाताने बंद केला.

"चुकीचा आकडा ओरडत नाही," तो त्या दिवशी म्हणाला. "पेटी मजेत चालू असते. म्हणून मला त्याची भीती वाटते." ही भीती त्याच्या अंगातच होती. कुणी गप्पांत 'दहा-बारा वर्षं झाली असतील' असं म्हटलं, तरी हा 'अकरा' म्हणून मध्ये तोंड घालायचा. पाहुण्यांना मी खजील होऊन चहा पुढे करायची. चुकीचं काही कानावर पडलं आणि त्याने ते दुरुस्त केलं नाही, असं मी पाहिलेलं नव्हतं.

लग्न झालं आणि आम्ही गाझियाबादच्या हद्दीतल्या नव्या वस्तीत फ्लॅट घेतला. तेव्हा तिथे इमारती कमी आणि बिल्डरांचे फलकच जास्त होते. वीज गेली की सोसायटीचा जनरेटर धडधडायचा आणि जनरेटर बंद पडला की सगळे गच्चीत येऊन एकमेकांची विचारपूस करायचे. कुणी लखनौचे, कुणी पाटण्याचे, कुणी कोचीचे. आपलं म्हणावं असं माणूस आम्हाला रविवारी सकाळी भेटायचं, आणि तेही फोनवर. त्या माझ्या सासूबाई. त्या पुण्याला मोठ्या मुलाकडे असायच्या. माझे सासरे लवकर गेले होते आणि दोन मुलगे हेच त्यांचं सगळं जग होतं.

मुलगा फोनवर आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज काय मोजलंस रे?" त्याने कधीतरी त्यांना समजावलं होतं की यंत्रात काय येतं-जातं ते मोजायचं त्याचं काम. तेवढं त्यांनी पक्कं धरून ठेवलं होतं. शेजारणींना सांगायच्या, "आमचा धाकटा दिल्लीला मोजणीला असतो." त्यांच्या सोसायटीत बऱ्याच जणांची समजूत होती की तो जनगणना खात्यात आहे. त्याने ती कितीदा दुरुस्त केली, पण सासूबाईंपुढे त्याचं काही चाललं नाही.

मग मी फोनवर यायची. माझ्या मराठीवर त्यांचा बारीक डोळा. मी "दूध ठंडं होऊ देते" म्हटलं की त्या हसून म्हणायच्या, "दूध निवतं गं. ठंडं तुमच्या दिल्लीत होत असेल." माझी स्वतःची आई फार बोलकी नव्हती. रविवारच्या त्या फोनची मी त्याच्याइतकीच वाट बघायची, कदाचित जास्तच.

मग तो आजारी पडला. वय काही नव्हतं. उन्हाळा संपत आला होता, वीज गेल्यामुळे लिफ्ट बंद होती, आणि जिना चढताना मधल्याच मजल्यावर तो भिंतीला टेकून खाली बसला. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. हार्ट अटॅक होता. डॉक्टर म्हणाले बायपास करावी लागेल, थोडे दिवस औषधांनी सावरू द्या, मग करू.

शुद्धीवर आल्यावर त्याने मला पहिली गोष्ट सांगितली ती ही, "आईला सांगू नका. तिला झेपणार नाही. ऑपरेशन झालं की मीच सांगेन, बरा झालो म्हणून." मी दादांना फोन केला. दादा म्हणजे माझे मोठे दीर. त्यांचंही तेच मत पडलं. आपल्याकडे हे असंच असतं. ज्याच्यावर आपला जीव असतो त्यालाच आपण सगळ्यात आधी अंधारात ठेवतो, आणि त्याला काळजी म्हणतो. दादांनी आईंना सांगितलं की तो ऑफिसच्या कामाने अमेरिकेला गेलाय, तिथून फोन करणं जमत नाही. मीही तेच सांगितलं.

मी कपडे बदलायला घरी आले होते तेव्हा त्यांचा फोन आला. रविवार होता.

"आला का गं तो?"

"नाही आई. काम वाढलंय तिकडचं."

"बरं. कामात असेल तर राहू दे. मुद्दाम फोन कर म्हणून मागे लागू नकोस. फक्त म्हणावं, वेळेवर जेवत जा." मग थोडं थांबून म्हणाल्या, "बरा आहे ना?"

"एकदम बरा आहे," मी म्हणाले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात मला दादांचा फोन आला. आई आंघोळीला जाते म्हणून उठल्या आणि मोरीच्या दारातच पडल्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. दादा आवाज सावरून म्हणाले, "हे बघ, त्याला कळता कामा नये. आई गेली. आता तो नको जायला."

मी सर्जनना विचारलं. ते पंजाबी होते, भले गृहस्थ. "बिल्कुल नहीं बताना है," ते म्हणाले. "ऑपरेशन के बाद भी कुछ हफ्ते रुकिए." मी जिन्यात गेले. त्या जिन्याने कुणी फारसं जात नसे. तिथे पायरीवर बसून मी तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडले. मग तोंड धुतलं, कुंकू नीट केलं आणि आत गेले. तो म्हणाला, "दादाचा फोन होता?" मी म्हटलं, "हो, उद्याचं विचारत होते." तो म्हणाला, "आईचा आवाज ऐकावासा वाटतोय आज. पण नको. ऐकला तर सांगून बसेन."

त्या घटकेला मला दादांचा, डॉक्टरांचा, त्याचा आणि मेलेल्या माणसाचासुद्धा राग आला. प्रत्येकाला एकेकच गोष्ट सांभाळायची होती. सगळ्या गोष्टी एकट्या माझ्यापाशी होत्या.

ऑपरेशन नीट झालं. पुढे आमचा खरा तमाशा सुरू झाला. एक खोटं सांभाळायला एक माणूस पुरतो. इथे मी, दादा आणि माझ्या जाऊबाई असे आम्ही तिघं होतो, दोन शहरांत, आणि मध्ये फोन. तो बोलायला लागला तसा आईला फोन लावून दे म्हणू लागला. मी सांगितलं, त्या नाशिकला बहिणीकडे गेल्यात, मावशींचा फोन बिघडलाय. दादांनाही तसं कळवलं. मग एकदा मी औषधं आणायला खाली गेले असताना दादांचाच फोन त्याच्या मोबाईलवर आला. त्याने आईचं विचारलं असणार. दादा गडबडले आणि म्हणाले, आई नाशिकहून आली कालच, पण घसा पार बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय. मी औषधं घेऊन वर आले. माझ्या डोक्यात नाशिकच. त्याची उशी सारखी करता करता मी म्हणाले, "आई आणखी आठवडाभर राहणार म्हणे मावशींकडे. रमल्यात तिथे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "अच्छा," म्हणाला, आणि डोळे मिटले. मला वाटलं थकलाय.

दादांशी बोलल्यावर घोटाळा माझ्या लक्षात आला. मी त्यांच्यावर ओरडले, तेही माझ्यावर ओरडले. मग दोघंही शरमलो. ठरलं असं की इथून पुढे आईंबद्दल फक्त दादा बोलतील. माझ्या जाऊबाईंना विचारलं तर त्या फोनवर नुसतं "बरं" म्हणाल्या. त्यांनी आईंचं सगळं केलं होतं आणि आता त्यांना आई जिवंत असल्याचं नाटक करायचं होतं. सुतकाचे दिवस मी दवाखान्यातच काढले. घरची देवपूजा होते ना, असं त्याने विचारलं की हो म्हणायची. घरी येऊन बंद देवघराकडे बघायचं आणि पुढे जायचं.

त्याला घरी आणलं. हळूहळू तो गच्चीपर्यंत चालू लागला. काय सांगायचं ते आता सांगू, उद्या सांगू, असं करता करता गणपती आले. आमच्या घरचा गणपती पुण्याला, दादांकडे बसतो. सासूबाईंच्या सासूबाईंपासून तो कधी चुकलेला नाही, फक्त घरात सुतक असेल किंवा कुणी गेल्याचं वर्ष सरलेलं नसेल तर त्यांच्याकडे आणत नाहीत.

चतुर्थीच्या सकाळी मी भाजी आणायला खाली उतरले होते. त्याने पुण्याला फोन लावला. जाऊबाईंनी उचलला. "वहिनी, बसले का गणपती?" त्याने विचारलं. जाऊबाईंना बाकी सगळं खोटं जमलं असतं, पण देवाच्या नावाने खोटं बोलायला त्यांची जीभ वळेना. "यंदा नाही आणला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला. दादा अंघोळ करून आले, त्यांना हे काही ठाऊक नव्हतं. सणाचा दिवस म्हणून त्यांनी आपणहून याला फोन केला आणि म्हणाले, "बसले की. छान झाली पूजा." त्यानंतर पिशवी घेऊन मी दारातून आत आले. सणाच्या दिवशी तो आईचं विचारणारच, म्हणून मी वाटेतच वाक्य तयार करून आणलं होतं. आईंबद्दल फक्त दादा बोलतील हे मी साफ विसरले. "जिन्यात दादांशी बोलले मी," मी सांगून टाकलं. "आई मोदक वळतायत, म्हणून फोनवर येत नाहीयेत."

"पिशवी ठेव," तो म्हणाला. "इथे बस."

मी बसले. त्याचा आवाज अगदी साधा होता, ऑफिसात बग समजावताना असायचा तसा. "वहिनी म्हणते गणपती आणला नाही. दादा म्हणतो बसले. तू म्हणतेस आई मोदक वळतेय, आणि दादाशी तू बोललेलीच नाहीस, तो आत्ता माझ्याशीच फोनवर बोलत होता. त्याआधी नाशिक होतं, मग घसा होता, मग परत नाशिक. आमच्याकडे गणपती एकाच कारणाने येत नाही. आई गेली ना?"

मी हो म्हणाले.

"केव्हा?"

मी सांगितलं. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी त्याच्यावर किती ओरडले होते आजवर. तो उठला, न्हाणीघरात गेला आणि डोक्यावरून आंघोळ करून आला. मी म्हटलं गार पाणी नको, टाके अजून कच्चे आहेत. त्याने ऐकलं नाही. मरणाची बातमी उशिरा कळली तर कळल्यापासून सुतक धरायचं, असं त्याच्या आईनेच त्याला कधीतरी शिकवलं होतं. तो सतरंजी पसरून जमिनीवर बसला.

"तू रडलीस?" त्याने विचारलं.

"हो."

"कुठे?"

"हॉस्पिटलच्या जिन्यात."

"एकटीच?"

मी मान हलवली. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. आई त्याची गेली होती आणि समजूत तो माझी काढत होता. मग तो रडायला लागला. छातीवर टाके होते, हुंदका आला की त्याला कळ येत होती, म्हणून दोन्ही हातांनी उशी छातीशी आवळून तो रडत होता. मला त्याच्याबरोबर रडायचं होतं आणि रडू येत नव्हतं. माझं रडून झालं होतं. पुण्यात दादा आणि जाऊबाई कधीच रडून मोकळे झाले होते, आईंचं दहावं-तेरावं उरकलं होतं, आणि तो आमच्या सगळ्यांच्या मागे एकटा पडला होता. एका माणसासाठी आम्ही सगळे एकदाही एकत्र रडलो नाही. हे दुःख मला आईंच्या जाण्याइतकंच वाटतं, आजही वाटतं.

दुपारी तो म्हणाला, "मीच म्हणालो होतो ना, आईला सांगू नका."

"तू आजारी होतास."

"ऑपरेशन झालं की मी सांगणार होतो." बाहेर सोसायटीच्या मांडवात कुणीतरी हिंदी आरती लावली होती. "शेवटी तरी सांगितलं होतं का तिला कुणी? का तिला वाटत होतं, मी कामात आहे म्हणून फोन करत नाही?"

राहू दे, कामात असेल तर, असं त्या म्हणाल्या होत्या. मी त्याच्याकडे पाहिलं. उशी अजून छातीशी धरलेली होती.

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "मीच सांगितलं. आधीच्या रविवारी. राहवलं नाही मला. घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, देवाजवळ दिवा लावून ठेवते, तो घरी येईपर्यंत विझू देणार नाही."

त्याने मान हलवली. "बरं झालं," म्हणाला. थोड्या वेळाने त्याने चहा मागितला. घरात दूध नव्हतं, म्हणून मी खाली जाऊन घेऊन आले.

वर्षश्राद्धाला आम्ही पुण्याला गेलो. तो आता बरा होता, वजन थोडं उतरलं होतं. सकाळचे विधी आटोपले, भटजी जेवून गेले. बाहेरच्या खोलीत पुरुषमंडळी आणि नाशिकच्या मावशी बसल्या होत्या. स्वयंपाकघरात मी आणि जाऊबाई दोघीच आवराआवर करत होतो. हात चालवता चालवता जाऊबाई म्हणाल्या, "तुला एक विचारू? तू त्याला सांगितलंस ना, की आईंना त्याचं माहीत होतं म्हणून?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानेच ह्यांना विचारलं होतं. चतुर्थीच्याच दिवशी, दुपारी. तू दूध आणायला खाली गेली होतीस म्हणे. ही असं म्हणते, खरं का, म्हणून." जाऊबाईंनी पदराने हात पुसले. "हे आधीच पोळलेले. म्हणाले आता एक शब्द खोटा बोलणार नाही. सगळं खरं सांगितलं त्याला. आईला काही माहीत नव्हतं, तू कामात आहेस असंच ती शेवटपर्यंत म्हणत होती, म्हणून."

म्हणजे त्या दिवशी मी दूध घेऊन वर आले, चहा केला, आणि तो प्यायला, तेव्हा त्याला माहीत होतं. अख्खं वर्ष माहीत होतं. मी त्या दिव्याचा विषय पुढे कितीदा काढला होता. त्याला झोप आली नाही की काढायची, आईंच्या आठवणीने तो गप्प झाला की काढायची. दर वेळी तो "हो ना" म्हणायचा.

तेवढ्यात बाहेरून मावशींचा आवाज आला. वयामुळे त्या मोठ्याने बोलायच्या. "बाकी काही नाही रे, एकच वाईट वाटतं. ताईला तुझ्या दुखण्याचं शेवटपर्यंत कळलं नाही. लेक विसरला असं समजून गेली बिचारी."

जाऊबाईंनी नळ बंद केला.

"नाही मावशी," तो म्हणाला. "कळलं होतं तिला. हिने सांगितलं होतं फोनवर. देवाजवळ दिवा लावला होता तिने, मी घरी येईपर्यंत."

बाहेर दादाही बसले होते.

"हो," दादा म्हणाले. "लावला होता. मीच तेल घालायचो त्यात."

इतक्या सगळ्या दिवसांत त्याचं, दादांचं आणि माझं म्हणणं तेव्हा पहिल्यांदा जुळलं. मी ओट्याशी उभी राहून रडायला लागले, आणि जाऊबाई येऊन मला धरून रडल्या.